जयवंतचं पथ्य

जयवंतने मासे सोडले, हे मला त्याच्या आईने सांगितलं.

शांताकाकी भाजी घेऊन जिना चढत होत्या. पहिल्या मजल्यावर थांबल्या. पिशवी माझ्या हातात दिली.

"तुझ्या दोस्तान माशे सोडल्यान. अंडा पण खाणा नाय. नवस केल्यान हा. माका सांगणा नाय, पण माका कळता."

"कसला नवस, काकी?"

"कसलो म्हंजे? लगीन होवन सा म्हयने झाले."

आणि हसल्या. मुलासाठीच नवस केलाय, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मजल्यावरच्या बायकांना सांगूनही झालं होतं.

लालबागच्या आमच्या चाळीत जयवंतच्या, म्हणजे घाड्यांच्या, घरचा बुधवार, शुक्रवार आणि रविवार ओळखायला कॅलेंडर लागत नाही. वास पुरतो. जयवंतने मासे सोडले ते श्रावणात, त्यामुळे तेव्हा कोणाच्या ते लक्षात आलं नाही. श्रावण संपला, गणपती गेले, दसरा झाला, तरी त्याच्या ताटात वरण-भातच होता. मग घरात कुजबुज सुरू झाली.

जयवंत घाडी हे त्याचं खरं नाव नाही. बाकीचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलंय. तो म्हणाला, असू दे.

वय एकोणतीस. आजोबा मिलमध्ये, वडील मिल बंद पडेपर्यंत तिथेच, मग वॉचमन. वडील गेले तेव्हा जयवंत आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता. आता परळ-लोअर परळच्या टॉवरमधल्या लिफ्ट बघतो. दरवाजाला कान लावून कुठला रोलर गेलाय ते सांगतो. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की बाहेरून त्यांच्याशी बोलत राहतो. "काका, खाली बसून घ्या. पाच मिनिटं. तुमचं गाव कुठलं?" त्याच्या कंपनीत ह्या हातोटीला फार मान आहे. बाकी तो बोलका नाही.

त्याची बायको श्रेया गिरगावची. कॉलेजात माझ्या वर्गात होती. आता दादरला चष्म्यांच्या दुकानात काम करते. हे स्थळ मीच सुचवलं होतं.

काकी भेटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जयवंतचा फोन आला. दुपारी परळच्या बागेत ये म्हणाला. मी दादरला एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. तो बाकावर बसला होता. हत्यारांची पिशवी दोन पायांत. गाल बसले होते.

"पंडित, एक काम कर. श्रेयाला सांग, नवस खरा आहे."

"तुझा नवस, मी कशाला सांगू?"

"तिचा तुझ्यावर विश्वास आहे. आईने काल जेवताना तिला सांगितलं, तुझ्यासाठी ह्याने मासे सोडलेत, पोर होऊ दे म्हणून. नंतर श्रेयाने मला विचारलं. मी हो म्हटलं. तिला पटलं नाही."

"म्हणजे नवस नाहीये?"

"नाय रे."

"मग मासे का सोडलेस?"

त्याने पिशवीतून प्लास्टिकची बरणी काढली. आत करड्या रंगाचं चूर्ण. बरणी माझ्या हातात दिली आणि समोरच्या घसरगुंडीकडे बघत बोलला.

"आमच्यात काही झालेलंच नाही. सहा महिन्यांत. एकदाही नाही."

मी बरणी धरून बसलो.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. पंधराव्या वर्षी मित्राच्या फोनवर पहिल्यांदा तसले व्हिडिओ पाहिले. मग स्वतःचा फोन आला. मग नोकरी. लिफ्टची मशीन रूम टॉवरच्या डोक्यावर असते. एका कॉलनंतर दुसरा येईपर्यंत तास-दोन तास तिथे कोणी फिरकत नाही. रोज बघायचा. दिवसातून दोनदा, कधी जास्त. त्यात कधी काही अडलं नाही. लग्नानंतर श्रेया जवळ आली आणि शरीराने साथच दिली नाही. आधी वाटलं, दगदग झालीय. मग भीती बसली. मग तो जादा ड्युट्या घ्यायला लागला. जुलैमध्ये एका व्हिडिओत एक माणूस म्हणाला की फोनच्या सवयीने असं होतं आणि नव्वद दिवस वनस्पतींचं औषध घेतलं की जातं. आपल्याला झालंय त्याला काहीतरी कारण आहे, हे ऐकूनच त्याला बरं वाटलं. दादरच्या जडीबुटीच्या दुकानातून त्याने अश्वगंधा, गोखरू, शतावरी घातलेलं हे चूर्ण आणलं.

आम्ही तिसरीपासून एका बाकावर. त्याची दहावीची मार्कशीट आधी मी पाहिली होती, मग त्याच्या वडिलांनी.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"सत्तर."

"फरक?"

"फोनवर चेक केलं तर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे औषध लागू पडतंय का ते बघायला नको? दोन-तीन दिवसांनी एकदा चेक करतो."

"फोनवर?"

"मग कशावर? लिफ्टची रिकामी गाडी वर-खाली करून बघतात ना आधी, तसं."

तो गंमत करत नव्हता.

"आणि श्रेया काय म्हणाली?"

"म्हणाली, देवाला सांगितलंस ते मलाही सांग. माझ्यात काय कमी आहे ते तोंडावर सांग. नाहीतर ह्या रविवारी मी गिरगावला जाते ती परत येणार नाही." मग म्हणाला, "वीस दिवस राहिलेत रे. कोर्स तर पुरा होऊ दे. आणि पथ्य मी शंभर टक्के पाळतोय. मासे नाही, अंडं नाही, तूप नाही, खजूर नाही. उडीद नाही म्हणून इडलीसुद्धा सोडली."

मी बरणीवरचा कागद वाचला. सवयीने दोनदा वाचला.

"जया, हे कोणी सांगितलं तुला?"

"त्यावरच लिहिलंय. पथ्य, दोन टिंबं, तूप, उडीद, मासे, अंडी, खजूर."

"हे खायला सांगितलंय."

"काय?"

"पथ्य म्हणजे मानवणारं. घ्यायचं ते. टाळायचं ते अपथ्य."

"येडा झालास काय? डॉक्टर पथ्य सांगतो म्हणजे काय सांगतो? हे खाऊ नका. बाबांना मिठाचं पथ्य होतं, ते काय मीठ खात होते?"

"बोलताना आपण तसंच म्हणतो. वैद्यकाच्या पुस्तकात उलट असतं. अपथ्याची ओळ कुठेतरी असणार."

किमतीचं स्टिकर खाली चिकटवलेलं होतं. मी नखाने ते उचकटलं. खाली बारीक अक्षरात होतं, अपथ्य : मद्य, जागरण, अति तिखट, कामुक दृश्ये पाहणे.

त्याने बरणी घेतली. ती ओळ बोट ठेवून वाचली. मग पहिल्यापासून सगळा कागद वाचला. हसेल असं वाटलं, पण हसला नाही.

"म्हणजे सत्तर दिवस मी खायचं ते टाळलं," तो म्हणाला, "आणि टाळायचं ते..."



मी म्हटलं, "नवसाचं मी तिला सांगणार नाही. डॉक्टरकडे चल."

गुरुवारी गेलो. परळलाच, मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत. डॉक्टर बाई आहेत हे बघून तो मागे फिरला. मी दारात आडवा उभा राहिलो. आत पंचवीस मिनिटं होता. बाहेर आल्यावर तपासण्यांचे कागद मोजत त्याने सांगितलं की बाईंनी अगदी सरळ प्रश्न विचारले. सकाळी होतं का? फोनवर होतं का? मग शरीरात मोठा बिघाड दिसत नाही, तरी शुगर आणि बीपी बघू. फोन बंद. आणि ते चेक करणंही बंद.

"चूर्णाचं काय म्हणाल्या?"

"ह्यावर त्याचा उपयोग होतो असा पुरावा त्यांच्याकडे नाही म्हणाल्या. आणि अशा बरण्यांत कधी कधी कागदावर न छापलेली औषधंही सापडतात. बंद करा."

"मी मासे खाल्ले असते तर, हेही विचारलं," तो म्हणाला.

"हे तू विचारलंस त्यांना?"

"विचारलं. म्हणाल्या, तुमचं वजन उतरलं नसतं."

"आणखी?"

"मंगळवारी बायकोला घेऊन या. मी म्हटलं, तिला माहीत नाही. त्या म्हणाल्या, मग मंगळवारच्या आधी सांगा."

शुक्रवारी त्याने मला जेवायला बोलावलं. का ते सांगितलं नाही. काकींनी सुरमई तळली होती. मला, श्रेयाला वाढली. जयवंतच्या ताटात वरण ओतायला गेल्या तेव्हा त्याने ताटावर हात धरला.

"आये, माका एक तुकडी वाढ."

काकींचा हात थांबला. "अरे, नवस फेडूचो आसा मां?"

"नवस नव्हतो."

"मगे?"

"औषध होता."

"कसला औषध?"

घरात तो आईशी मालवणी बोलतो आणि श्रेयाशी मराठी. पुढचं तो आईकडे बघून बोलला, पण मराठीत.

"माझ्यात दोष आहे, आई. हिच्यात नाही. पोराचं हिला काही विचारू नकोस. मजल्यावरच्यांनाही तेच सांग."

चाळीत जेवायच्या वेळी दारं उघडी असतात. काकी उठल्या आणि त्यांनी दार लावलं. घाड्यांचं दार त्या वेळेला बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मग त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

श्रेयाने हात धुतला. "गच्चीवर चल," ती जयवंतला म्हणाली.

ते दोघं गेल्यावर काकींनी माझं ताट उचललं. भात अर्धा उरला होता. "ता परत येतला मां?" त्यांनी विचारलं. ती परत येईल ना, एवढंच. मुलाला काय झालंय, ते विचारलं नाही.

अर्ध्या तासाने श्रेया एकटी खाली आली आणि बॅग भरायला लागली. रविवारपर्यंत थांबायचं तिने सोडून दिलं होतं. माझ्याकडे न बघता बोलत होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

"आज शुक्रवार." तिने दोन साड्या काढल्या, एक परत ठेवली. "सहा महिने मी आरशासमोर उभी राहून स्वतःत खोट शोधली. केस कापले. सहा किलो वजन उतरवलं. दुकानातल्या मुली म्हणाल्या, काय ग्लो आलाय. आणि हा वर टॉवरवर बसून चेक करत होता."

"श्रेया, तो..."

"तू त्याची वकिली करू नकोस. स्थळ सांगितलंस, पुष्कळ झालं."

जयवंत दारात आला. शर्टाची बाही ओली होती. तोंड पुसलं असावं.

"जातेस?"

"जाते."

"मंगळवारी अकरा वाजता डॉक्टरांनी..."

"वर सांगितलंस मघाशी."

"येशील?"

तिने बॅगेची चेन लावली. ती मध्येच अडकली. तो पुढे झाला, तर तिने हात आडवा धरला आणि स्वतः लावली.

"केस पेपर तू काढ," ती म्हणाली. "मी रांगेत उभी राहणार नाही."

काकींना वाकून नमस्कार करून ती गेली. काकींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मंगळवारी मी गेलो नाही. नंतर जयवंतने सांगितलं ते असं. तो साडेनऊपासून रांगेत होता. श्रेया अकराला दहा कमी असताना आली आणि लांबच्या बाकावर बसली. खिडकीतल्या क्लार्कने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, पेशंट कोण, बायको का? जयवंत म्हणाला, मी. क्लार्कने तक्रार विचारली. मागे सात-आठ माणसं होती. त्याने तक्रारही सांगितली.

आत डॉक्टरांनी आधी श्रेयाला एकटीला बोलावलं. ती बराच वेळ आत होती. काय बोलली ते तिने त्याला सांगितलेलं नाही, त्यानेही विचारलेलं नाही.

त्याला आता दोन महिने झाले. ती गिरगावातच आहे. शांताकाकी मजल्यावर कोणाशी फारशा बोलत नाहीत. दर मंगळवारी श्रेया दुकानातून दोन तासांची सुट्टी घेते आणि परळला येते. अजून एकही मंगळवार तिने चुकवलेला नाही.