ठेल्यावरून अर्धीच दिसे समीक्षा

समीक्षा माही सख्खी लहान बहीण हाय. हे मी पयलेच सांगून टाकतो, काहून का मंग लोक मधातच विचारतात, "सोनूभाऊ, तुमी तिचे कोण?" मी तिचा मोठा भाऊ. मुकुटबन ते पांढरकवडा काळी-पिवळी चालवतो. शाळा माही आठवीलेच संपली, पण बहिणीबद्दल बोलाले आठवी पुरते. माह्या गाडीत बसलेला माणूस आपल्या गावाले उतरते, तोवर त्याले समीक्षाची सारी हिस्ट्री पाठ झालेली असते. काही लोक तं लवकर उतरून जातात, इतका त्यायले आनंद होते.

बेचाळीस किलोमीटर पळते ते. पांढरकवडा येता येता माह्या गाडीचं इंजिन गरम होते, समीक्षा होत नाई. मागच्या साली नागपूरच्या एका मोठ्या मॅरेथॉनमधी बायकांत चौथी आली. चौथी म्हणजे तिच्या पुढं फक्त तीन बाया, अन् मांगं अख्खं नागपूर. असं पाहा लागते.

यवतमाळचे संघदीप सर तिले शिकवतात. ते म्हणे, "दम भरपूर हाय पोरीत, आता स्पीड पाहिजे. जानेवारीच्या रेसमधी पयल्या तिघींत आली, तं पुढचा रस्ता मोकळा." म्हणून मंगळवार अन् शुक्रवार सकाळी स्पीडचं काम. एक किलोमीटर जीव तोडून पळाचं, मंग थोडं हळू, मंग परत जीव तोडून. अशा आठ खेपा. हळू म्हणजे थांबणं नाई, बसणं नाई, हळू-हळू धावत राहणं. त्याले रिकव्हरी म्हणतात.

मले ते काही पटलं नाई. मी सरले फोनवर म्हटलं, "सर, पोरगी जोरात पळू शकते तं हळू कायले पळवता? आमच्या घराण्यात कोणी हळू नाई."

सर म्हणे, "सोनूभाऊ, अठरा शिटा भरून घाट चढला, तं वर गेल्यावर लगेच दुसरा घाट चढता काय?"

"नाई. बोनट उघडतो."

"मंग तेच."

मी फोन ठेवून देला. अन् शिटा अठरा नसतात, सोळाच असतात. लोक उगाच वाढवतात.

रस्ता मीच मोजून देला, गाडीच्या मीटरवर. नाल्याच्या पुलापासून निंबाच्या झाडापर्यंत बरोबर एक किलोमीटर. दोन्ही बाजूले कापसाची पऱ्हाटी, रस्ता सरळ, डांबर चांगलं. निंबापाशी रस्त्याले मोड हाय, अन् मोडाच्या अलीकडं आमचं गाव लागते. गावात गतिरोधक, कुत्रे, बकऱ्या, एसटी. तिथं जोरात पळता येत नाई. म्हणून पूल ते निंब जोरात, निंबापासून गावात येऊन परत निंबापर्यंत हळू, मंग निंबाहून पुलाकडं पुन्हा जोरात, अन् पुलापलीकडं थोडं हळू.

सारं बरोबर बसलं होतं. फक्त एक गोष्ट माह्या ध्यानात आली नाई. निजामुद्दीन चाचाचा चहाचा ठेला गावात हाय, मोडाच्या अलीकडं. मोडाच्या पलीकडचं ठेल्यावरून दिसत नाई. अन् आमचे बाबा, वामनराव, रोज सकाळी त्याच ठेल्याच्या बेंचावर बसतात.

म्हणजे माह्या बहिणीची अर्धीच धाव गावानं पाह्यली होती. अन् तेबी हळूवाली.

बेंचावर बाबाच्या बाजूले बसणाऱ्या रामलाल काकानं पयल्याच दिवशी सुरू केलं. "काय गा वामनराव, पोरगी धावाले जाते का भाजी आणाले?" दुसऱ्या दिवशी म्हणे, "देवीलालची बकरी पुढं निघून गेली बाप्पा तिच्या." बकरी पुढं गेलती, हे खरं हाय. पण बकरीले आठ खेपा मारा लागत नाई.

बाबा ऐकून घेत. चहा पीत अन् घरी येत. पण दिवाळी झाली, पऱ्हाटी फुटली, वेचाले बाया मिळेनात. एका दिवशी जेवताना बाबा म्हणे, "समे, असंच चालाचं असंल तं वावरात चाल. झोळी बांध अन् वेचणीले ये."

समीक्षाचा घास हातातच राह्यला. "बाबा, दिवसभर वाकून वेचलं तं पाय जाम होते. स्पीड येत नाई मंग. जानेवारीपर्यंत सोडा मले. नंतर दोघांचं काम एकटी करतो."

"कोणतं स्पीड? मी रोज माह्या डोळ्यानं पाहून राह्यलो."

"बाबा, ते रिकव्हरी..."

"ते काय असते ते मले माहीत नाई. बकरी पुढं जाते एवढं माहीत हाय." बाबानं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "येत्या शुक्रवारी आखरी पाहतो. पळताना दिसली तं ठीक. नाई तं शनिवारपासून वेचणी."

आई, म्हणजे मैनाबाई, ताटात भाकर टाकत होती. तिनं माह्याकडं पाह्यलं. घरात काही बिघडलं का सारे माह्याकडंच पाहतात, काहून का डोकं माह्याच जवळ हाय.

मी समीक्षाले बाजूले घेऊन सांगतलं, "बाई, ठेल्यासमोर आल्यावर पन्नास पावलं जोरात मार. बस, काम झालं."

"नाई दादा. तिथं हळूच जा लागते."

"सर काय ठेल्यावर बसतात काय?"

"सर नाई बसत, पण माहे पाय तं माह्यासंगच असतात. तिथं जोर लावला तं पुढची खेप बिघडते."

हट्टी हाय. बाबावर गेली. मंग मी बाबाकडं गेलो. म्हटलं, "बाबा, शुक्रवारी मोडाच्या पलीकडं चला ना, तिथून चांगलं दिसते."

"चहा सोडून रस्त्यावर उभा राहू? काहून, कोणाची मयत हाय?"

ती पळाची जागा बदलत नाई, हे बसाची जागा बदलत नाईत. दोघंही तिथल्या तिथं. मंग माह्या डोक्यात आलं. माणूस हलत नाई, तं बेंच हलवू.

निजामुद्दीन चाचा म्हणे, "ले जा बेटा. मगर बेंच गया तो गिऱ्हाईक भी जायेगा."

"मंग तुमीबी चला ना चाचा. शेगडी घ्या, चहाचा गंज घ्या. एका सकाळपुरता ठेला पलीकडं लावू."

चाचानं दाढी खाजवली. "समीक्षा बिटिया के लिये? चलो. आमिर, सिलेंडर उठा."

आमिर त्यायचा पोरगा, ठेल्याच्या बाजूलेच पंक्चर काढते. शुक्रवारी सकाळी त्यानं अन् मी बेंच गाडीच्या टपावर चढवला अन् मोडाच्या पलीकडं, निंबापासून दोन वावरं पुढं, रस्त्याच्या कडेले ठेला मांडला. मंग मी गावात परत आलो. पाहतो तं सारी मंडळी रिकाम्या जागेपुढं उभी.

"ठेला कुठी गेला बे?" रामलाल काका घाबरून गेलते.

"बसा गाडीत. चहा तिकडं उकळून राह्यला."

बाबा पुढच्या शिटावर बसले. तोंड वाकडं, पण बसले. आठ-दहा जण नेऊन बेंचावर अन् बांधावर बसवले. थंडी होती, चहाची वाफ निघून राह्यली होती, कापसाच्या भावाच्या गोष्टी सुरू झाल्या. समोर रस्ता, मांगं पऱ्हाटी. म्या मनात म्हटलं, सोनू, तुह्यासारखा तूच.

आता एक गोष्ट सांगा लागते. आमच्या भागात वाघ हाय. दिसो न दिसो, त्याची गोष्ट रोज दिसते. त्या हप्त्यात नाल्यापाशी पंजे दिसले म्हणत होते. अन् आमच्याकडं सकाळी सकाळी पऱ्हाटीच्या कडेनं कोणी जीव घेऊन पळत आलं, तं लोकायले त्याचा एकच अर्थ माहीत हाय.

समीक्षा पुलाकडून निघाली. पयले ठिपका, मंग माणूस, मंग एकदम अंगावर. वेणी मांगं सरळ आडवी. चेहरा असा, का चावाले येते. बुटाचा आवाज टप-टप-टप-टप. या लोकायनं तिले अशी जन्मात पाह्यली नव्हती.

"वाघ!" रामलाल काका ओरडले.

अन् सारा बेंच उठला. कोणी चपला सोडल्या, कोणी मफलर. सारे समीक्षाच्या मांगं गावाकडं. मीबी पळालो, पण मी लोकायले सांभाळाले पळालो. चाचानं तेवढं डोकं शाबूत ठेवलं, पयले गॅस बंद केला अन् मंग पळाले.

अन् बाबा? बाबा साऱ्यायच्या पुढं. साठ वर्सांचा माणूस, पायात टायरच्या चपला, हातात चहाचा गिलास, अन् ओरडून राह्यले, "समे, थांबू नको! मी हावो मांगं!" म्हणजे वाघ अन् पोरीच्या मधात राहाले पळत होते. पण निंब आला, अन् समीक्षानं हातावरच्या घडीत पाह्यलं अन् एकदम हळू झाली. बाबाले काही थांबता आलं नाई. ते तिच्या बाजूनं पुढं निघून गेले. नागपुरात चौथी आलेल्या बाईले आमच्या बाबानं ओव्हरटेक केलं, तेबी गिलासात अर्धा चहा ठेवून. म्हणून मी म्हणतो, आमच्या रक्तातच हाय ते.

चार पावलं पुढं जाऊन बाबा निंबाखालीच बसले, अन् मंग आडवेच झाले.

समीक्षा त्यायच्यापाशी आली, पण थांबली नाई. रिकव्हरीत थांबत नसतात. बाबाच्या भोवती गोल-गोल धावू लागली. "बाबा, लागलं काय?"

"वाघ... कुठी हाय?"

"कोणता वाघ?"

"मंग तू कायले पळून राह्यली होती?"

"मी तं रोजच अशी पळतो."

"खोटं नको बोलू. रोज तं तू..."

तिची घडी वाजली. समीक्षा गेली. बाबाचं बोट वरच राह्यलं. पऱ्हाटीच्या मधून ते अशी गेली, का पाहता पाहता पुलापाशी एवढुशी दिसू लागली. मंग तिकडून परत तशीच आली. निंबापाशी हळू झाली, अन् बाबाभोवती पुन्हा गोल.

"...बकरीच्या मांगं असते," बाबानं वाक्य पुरं केलं.

"ते रिकव्हरी असते. आता तुमी दौड मारली ना? अजून एक मारा बरं, माह्यासंग."

"आता? मरीन मी!"

"मंग मी काहून मरत नाई?"

घडी वाजली. गेली.

बाबा उठून बसले. आमिरनं पाणी आणून देलं, पण त्यायची नजर रस्त्यावर. समीक्षा येईपर्यंत ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. आली तसं विचारलं, "काहून मरत नाई?"

"मधात हळू पळतो म्हणून!"

घडी वाजली. आमच्या घरात वर्सभरात नाई झालं, इतकं बाप-लेकीचं बोलणं त्या निंबाखाली झालं, अन् तेबी तुकड्या-तुकड्यानं.

तिकडं रामलाल काका कुठी होते? माह्या गाडीच्या टपावर. कसे चढले त्यायचं त्यायले माहीत नाई, अन् उतरता येत नव्हतं. वरून म्हणे, "वामनराव, आता बस म्हणा पोरीले. चक्कर येते पाहून."

"चूप बे," बाबा म्हणे. "आठ हायत. सहाच झाल्या."

आठवी खेप साऱ्यात जोरात गेली. चाचा म्हणे, "माशाअल्लाह." बाबा उभे राह्यले. गिलास चाचाले वापस देला, अन् माह्या खांद्यावर हात ठेवून घरी आले. समीक्षानं विचारलं, "बाबा, वेचणीचं?"

"उद्या सकाळी पाहू."

संध्याकाळी समीक्षा जेवली नाई बरोबर. खुंटीवर तीन झोळ्या लटकल्या होत्या, आईची, बाबाची अन् तिसरी तिची. आईनं धुऊन ठेवली होती. समीक्षा बूट पुसत होती अन् मधा-मधात खुंटीकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाले खाटेवरून उठताच येईना. दोन्ही मांड्या जाम. समीक्षा म्हणे, "पडून राह्यले तं पाय लाकूड होतीन. हळूहळू चाला माह्यासंग. आज माहाबी हळूचाच दिवस हाय."

बाबा भिंत धरत उठले. खुंटीपाशी गेले. समीक्षाची झोळी काढली, तिच्याकडं पाह्यलं, अन् माह्या गळ्यात टाकली.

"जानेवारीपर्यंत हे तुही."

"बाबा, अन् माही गाडी?"

"गाडीले रिकव्हरी दे."

मंग आमी निघालो. समीक्षा हळू, बाबा तिच्यापेक्षा हळू, अन् झोळी घालून मी त्यायच्या मांगं, काहून का वावराचा रस्ता तोच हाय. ठेला आपल्या जागी परत आलता. बेंचावर रामलाल काका.

"काय गा वामनराव, आज सारं घरच बकरीच्या मांगं?"

बाबा थांबले नाई. मान वळवून म्हणे, "कालची दौड जोराची झाली. तुले काय समजते त्यातलं? तू टपावर होता."

देवीलालची बकरी खरंच आमच्या पुढं चालून राह्यली होती. तिघांतून एकानंबी तिले ओव्हरटेक केलं नाई.