बेल न वाजवता आलेलं सामान

मंडळी, आजची गंमत ऐका. गंमत कसली, चिडचिडच झाली.

किराणा मी ॲपवरून मागवते, खातं मुलाने त्याच्याच नावाने काढून दिलंय. हल्ली दहा मिनिटांत आणून देतात, पण मी मुद्दाम चार ते सहाची वेळ निवडते. तेव्हाच घर खायला उठतं. कुणी येणार म्हटलं की केस विंचरते, चहा टाकते. नाशिक रोडच्या उन्हातून आलेल्या माणसाला निदान "बसा जरा" म्हणता येतं.

आज दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात बंगळुरूहून मुलाचा फोन.

"आई, सामान आत घे ना. दाराबाहेर ठेवल्याचा फोटो आलाय मला."

दार उघडलं. पिशवी होती, माणूस गेलेला.

"अरे, मग बेल का नाही वाजवली त्याने?"

"मीच काल ॲपमध्ये लिहिलंय, बेल वाजवू नका म्हणून. तुझी झोप मोडायला नको."

काळजीनेच केलं बिचाऱ्याने. "बरं केलंस," म्हटलं आणि दोघांचा चहा एकटीनेच प्यायले.

ती सूचना कशी काढतात, कुणी सांगाल का? मुलाला विचारवत नाही.