‘व्हय बाई’ म्हणण्यापुरती जागा

माझ्या मोबाईलमध्ये मल्हारीबाबांचा नंबर ‘गरोदर माता ४३’ या नावाने साठवलेला आहे. अजून बदललेला नाही. दीड महिन्यापूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, मी आमच्या संस्थेच्या सामानाच्या खोलीत पंखा बंद करून घामाघूम बसले होते. त्या खोलीच्या चारी भिंतींना आम्ही गोधड्या टांगल्या आहेत, कारण शेजारी पिठाची गिरणी आहे आणि आरोग्याचा निरोप रेकॉर्ड करताना मागे बाजरीचं दळण ऐकू येऊन चालत नाही. ‘नमस्कार ताई, पिण्याचं पाणी आधी उकळून, मग गाळून...’ इथपर्यंत मी आले आणि फोन वाजला. माझाच. बाकीच्यांचे फोन दरडावून बंद करायला लावणारी मीच, त्यामुळे संगणकावर बसलेला आमचा प्रवीण छताकडे बघत राहिला. पडद्यावर ‘गरोदर माता ४३’. मी हसतच उचलला आणि म्हणाले, “बोला बाबा.” पलीकडे त्यांची सून होती, मंगल. म्हणाली, “बाबा गेले ताई. सकाळी मेंढरं सोडाया उठले, वट्यावर टेकले... ते टेकलेच.”

साठी ओलांडलेला, कानापर्यंत मिशा गेलेला, डोक्याला पटका बांधणारा मेंढपाळ माझ्या यादीत गरोदर माता कसा झाला, हे आधी सांगायला हवं. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावांत आम्ही कुटुंबाच्या आरोग्याचं काम करायचो. महिन्यातून एकदा अंगणवाडीत कार्यशाळा आणि दर मंगळवारी सकाळी दहाला गरोदर बायकांच्या फोनवर माझ्या आवाजातला निरोप. कितवा महिना लागला, काय खायचं, कशाला घाबरायचं, कशाला नाही. कल्पना झकास होती. अडचण एवढीच की गरोदर बायकांकडे फोन नव्हते. फोन नवऱ्यांकडे होते, आणि नवरे कंपनीत, जिथे गेटवरच फोन काढून ठेवायला लागे. मंगलचा नवरा दत्ता मला म्हणाला, “माझा कशाला घेता? आमच्या म्हाताऱ्याचा घ्या. त्यो कवाबी उचलतो.” मी तो नंबर वहीत उतरवला. दत्ताने तो पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावला. आदल्या वर्षी मंगलचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच गेलं होतं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, पण ह्या वेळी काही चुकायला नको ही धास्ती नवराबायको दोघांच्याही तोंडावर दिसत होती.

तर निरोप बाबांना जायला लागले. ‘नमस्कार ताई, तुमचा पाचवा महिना सुरू झाला आहे.’ दुसऱ्या कुणी चिडून फोन ठेवला असता. बाबांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि प्रत्येक वाक्याला “व्हय बाई” म्हणत शेवटपर्यंत ऐकला. कुणीतरी बोलत असताना मधे हुंकार द्यायचा नाही म्हणजे उद्धटपणा, अशी त्यांची शिस्त. आवाज रेकॉर्ड केलेला आहे, हे दत्ताने चारदा समजावलं. “आसंना. बाई तर खरी हाय का नाय?” असं त्यांचं म्हणणं. निरोपाच्या शेवटी मी म्हटलं होतं, ‘येत्या कार्यशाळेला सासूबाईंना सोबत घेऊन यावे.’ त्या दिवशी अंगणवाडीत वीसेक बायका जमल्या होत्या, मी नुकताच तक्ता भिंतीला अडकवला होता, आणि दारात काठी, घोंगडी आणि मिशा दिसल्या. सगळ्यांचे पदर एकदम पुढे आले. मी विचारलं, “बाबा, कुणाला शोधताय?” ते म्हणाले, “तुम्हीच बोलावलं की. सासूला आना म्हनले, पर ती मरून लई वर्सं झाली. म्हनून एकलाच आलो.”

सासरा समोर बसल्यावर सुना तोंड उघडणार नाहीत, हे मला माहीत होतं. मंगल तर तक्त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मी त्यांना जायला सांगितलं तर म्हणाले, “बोलवायचं आन् हाकलायचं, ही कंची रीत?” बरोबरच होतं त्यांचं. शेवटी तोडगा निघाला. ते बाहेर खिडकीखाली, आमच्याकडे पाठ करून बसतील. बसले. मी आत लोहाच्या गोळ्यांबद्दल सांगायचे आणि खिडकीखालून यायचं, “व्हय बाई.” बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. मग मी माझा ठरलेला प्रश्न टाकला, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? हा प्रश्न टाकला की नेहमीच सगळ्या जमिनीकडे बघतात. तशाच बघत राहिल्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “आमच्याकडं मंगलच जेवती मागून. बरूबर नाय का त्ये?” मी म्हटलं, पोटुशी बाईने आधी जेवावं. बाहेर काठी जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. मग, जरा हळू आवाजात, “व्हय बाई.”

त्या संध्याकाळपासून त्या घरात उपासमार सुरू झाली. सून जेवल्याशिवाय बाबा ताटाला हात लावेनात आणि सासरा उपाशी असताना मंगलला घास गिळेना. भाकरी निवायच्या, दत्ता कंपनीतून येऊन दोघांच्या मधे बसायचा आणि त्याला काही दोघांपैकी कुणी जेव म्हणत नसे. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. “ताई, तुमचा निरोप माघारी घ्या, नायतर आम्हाला जेवाया बोलवा.” मग असं ठरलं की बाबा ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून जेवतील, मंगल आत चुलीपाशी, आणि दोघांनी पहिला घास एकाच वेळी उचलायचा. खूण म्हणून बाबा काठी आपटत. गल्लीतली पोरं ती काठी ऐकून आपापल्या घरी जेवायला पळू लागली.

त्या वर्षी पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. मेंढरं चारायच्या माळावर आधीच प्लॉट पडले होते. बाबांच्या मेंढीने कुणाच्या तरी भावी बंगल्याच्या हद्दीचा चुना चाटला म्हणून भांडण झालं होतं. चारा संपल्यावर बाबा चुलतभावाबरोबर कळप घेऊन गंगापूरकडे निघाले. गोदावरीच्या अंगाला थोडं हिरवं होतं, आणि तिकडचे शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेत. वाळूजच्या रस्त्यावर नेमकी शिफ्ट सुटायच्या वेळी त्यांची मेंढरं आडवी गेली आणि कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली, हा किस्सा ते पुढे मोठ्या अभिमानाने सांगायचे. मला मात्र ते गेल्याचं ठाऊकही नव्हतं. मी दर मंगळवारी गोधड्यांच्या खोलीत घाम गाळत मंगलसाठी बोलत होते, आणि मंगलसाठीचे ते सगळे निरोप बाबांच्या बंडीच्या खिशात गोदाकाठी फिरत होते. माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी टिक करत होते. बरोबरच्या खुणा करायला मला फार आवडतं, हा माझा जुना रोग आहे.

आठव्या महिन्याचा निरोप गेला त्या मंगळवारी दुपारी बाबा आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. अंगावर घोंगडी, पायांवर धूळ, आणि चेहरा असा की मी खुर्चीतून उठलेच. मेंढरं चुलतभावाच्या गळ्यात टाकून ते जीपने गंगापूर आणि तिथून एसटीने शहरात आले होते. आल्या आल्या त्यांनी माझ्यावर तोफ डागली. “बाई, तुम्ही बोलता लई, ऐकून घेत नाय. मी तीनदा इचारलं. तुम्ही थांबलाच नाय.” काय विचारलं, ते हळूहळू कळलं. निरोपात मी म्हटलं होतं, डोकं सारखं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, हातांवर आणि तोंडावर सूज असेल तर एक दिवसही थांबू नका. बाबांनी मला तिथेच, फोनमध्ये, विचारलं होतं, ‘मी निघालो तवा मंगलनं जोडवी काढून देवापाशी ठिवली व्हती, बांगड्या हातात रुतल्या व्हत्या, डोसक्याला फडकं बांधून भाकरी करत व्हती. त्ये हेच का बाई?’ आणि मी त्यांच्या प्रश्नावरून गाडी हाकत पुढे निघून गेले होते, पालेभाज्यांकडे. त्यांनी उलट फोन लावून पाहिला. तो नंबर संगणकाचा. उचलणार कोण?

मी गावातल्या आशाताईंना फोन केला. त्या धावत गेल्या, मंगलचं ब्लडप्रेशर मोजलं, आणि त्यांचा आकडा सांगतानाचा आवाज मला अजून आठवतो. रुग्णवाहिकेने तिला सरकारी दवाखान्यात आणलं. पुढचे चार दिवस बाबा वॉर्डाबाहेरच्या जिन्याखाली घोंगडी टाकून होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. मला खरंच तोंड दाखवायला जागा नव्हती. इतकी वर्षं मी लोकांना ऐकवत होते, ऐकत नव्हते. बाबा मात्र एकदाच रागावले आणि मग विसरले. माझा उतरलेला चेहरा बघून उलट त्यांनीच मला दरडावलं, “तुम्ही जेवला का न्हाय? काठी आपटू का?” पाचव्या दिवशी मुलगी झाली. मूठभर होती, पण तिने टाहो असा फोडला की बाबा म्हणाले, “ही मेंढरं वळवील.” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी पटका सोडून तोंड पुसलं, पुन्हा बांधला आणि चहा आणायला गेले.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. निरोपाच्या शेवटी माणूस उचलेल असा नंबर दिला. आणि बाबांच्या सांगण्यावरून मी बोलताना थांबायला शिकले. “प्रत्येक वाक्याला ‘व्हय बाई’ म्हनन्यापुरती तरी जागा ठिवा,” ते म्हणाले होते. “मानूस इचार कवा करंल?” मी हिशेबच ठरवला. वाक्य संपलं की मनात ‘व्हय बाई’ म्हणायचं आणि मग पुढचं. प्रवीण कुरकुरला, पण गावाकडून लोक सांगू लागले की आता निरोप ऐकू येतो. आधीही येतच असणार. आता मनात उरत होता.

नात दोन वर्षांची झाल्यावर नियमाने बाबांचं नाव यादीतून जायला हवं होतं. ते ऑफिसात येऊन बसले. “मला काढू नगा.” पुन्हा कळप घेऊन गोदाकाठी गेल्यावर ते मंगळवारी दहाला फोन मोठ्या आवाजात लावत आणि पालावरच्या बाया गोळा होत. त्या फिरत्या बायकांतही गरोदर असत, आणि आमच्या अर्जात गावाचं नाव लिहायचं असतं, ते त्यांच्याकडे त्या महिन्यापुरतं नसे. म्हणून मी दरवर्षी बाबांची नव्या तारखेने गरोदर म्हणून नोंद करत गेले. चौथ्या खेपेला वरून तपासणीसाठी एक मॅडम आल्या. वय अडुसष्ट, चौथी खेप, एवढी जोखमीची माता त्यांना स्वतःला भेटायची होती. मी वाटेत तीनदा पोटदुखीचं नाटक केलं, उपयोग झाला नाही. ओट्यावर बाबा नातीची वेणी घालत बसले होते. मॅडमनी विचारलं, “माता कुठे आहे?” बाबा उभे राहिले. “मीच.” धरणीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. पण मॅडम काही बोलायच्या आत बाबांनी धोक्याची लक्षणं म्हणायला सुरुवात केली, एकही न वगळता, प्रत्येकानंतर थांबत, मॅडमनी मान हलवली की मगच पुढचं. मॅडम ओट्यावर बसल्या, चहा प्याल्या. जाताना त्यांनी शेरा लिहिला, ‘माता सजग आहे.’ पुढच्या वर्षीपासून फिरत्या कुटुंबांसाठी यादीत वेगळा रकाना आला. बाबांना मी तिकडे हलवलं नाही. त्रेचाळीस नंबर त्यांचाच.

दहाव्याला मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. मंगल माझ्याशेजारी बसली. सासऱ्यासमोर तिने आयुष्यात मोठ्याने शब्द काढला नव्हता. म्हणाली, “ताई, नंबर काढू नगा. परवा मंगळवारी दहाला फोन वाजला. मी उचलला. तुम्ही बोललात आन् थांबलात... घरात कुनीच काय म्हनंना. मग मीच म्हनलं.” आणि ती रडली, आणि मीही.

परत आल्यावर अर्धवट राहिलेला निरोप रेकॉर्ड करायला बसले. प्रवीणकडे आता नवी यंत्रणा आली आहे. ती बोलण्यातल्या रिकाम्या जागा आपोआप कापते. मी त्याला ती बंद करायला लावली. माझा फोन काढून त्याच्यासमोर बंद केला, तरी त्याने छताकडे बघायचं ते बघितलंच. ‘नमस्कार ताई,’ मी म्हणाले, ‘पिण्याचं पाणी आधी उकळून, मग गाळून घ्या.’ आणि थांबले... गिरणी त्या वेळी बंद होती, त्यामुळे खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. प्रवीणने हाताने खूण केली, पुढे चला. मी बोट वर करून त्याला थांबवलं. तेवढी जागा जाऊ दिली आणि मगच पुढचं वाक्य घेतलं.