नवरात्रातल्या पाच कॅप्सूल

१९९९च्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला, शेवगावजवळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना सुलभाबाईंची साडी मागून खराब झाली. डाग नारिंगी, तेलकट होता. वर्ग हसला. बाईंनी घेतलेलं औषध मी निवडून दिलं होतं.

शेवगावात माझं मेडिकल आहे. बाईंना ब्लडप्रेशर होतं, गुडघे दुखत होते. वजन उतरवा, नाहीतर वर्गात उभं राहणं बंद होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परदेशातल्या भाच्याने दोन औषधं आणली. डॉक्टर म्हणाले, माहितीपत्रकं केमिस्टकडून वाचून घ्या.

बाई दोन्ही पाकिटं माझ्याकडे ठेवून गेल्या. मी दोन्ही पत्रकं वाचली. एका गोळीने भूक मरते, पण ब्लडप्रेशर वाढू शकतं. ती बाद. दुसरी कॅप्सूल जेवणातली थोडी चरबी आतड्यात शोषू देत नाही. न शोषलेली चरबी शौचावाटे बाहेर पडते. जेवण तुपकट असेल तर ती आवरत नाही, कपड्यांना लागते. त्या ओळीखाली मी पेनाने रेघ मारली.

बाई औषध न्यायला आल्या तेव्हा काउंटरवर एक शेतकरी फवारणीने सुजलेल्या डोळ्यांसाठी ड्रॉप घेत होता.

"वजनाची गोळी व्हय? बाई, आमच्याकडं खुरपायला या. लई लवकर उतरंल!"

"तुम्ही माझ्या वर्गात या," बाई म्हणाल्या. "साठ पोरं सांभाळा, मग बोला."

तो हसला, पण तिथून हलला नाही. मी आवाज खाली आणला.

"ही घ्या, जेवणाबरोबर. पोटाला थोडा त्रास होईल."

"थोडा म्हणजे?"

"पोट बिघडल्यासारखं. तेलकट खाऊ नका."

"तळलेलं मी खात नाही. आणि परवापासून उपवासच आहेत."

"मग तर उत्तमच," मी म्हणालो.

माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात उपवास नाहीत. उपवास म्हणजे न खाणं, एवढंच मला माहीत होतं.

चौथ्या माळेला बाईंचे यजमान पाकीट परत घेऊन आले. पहिल्या पट्टीतल्या पाच कॅप्सूल कमी होत्या.

"काय खाल्लं होतं?" मी विचारलं.

"उपवासाचंच. साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. तेलाचा थेंब नाही." त्यांनी माहितीपत्रक उलगडून काउंटरवर ठेवलं. "ही रेघ कोणी मारली?"

"मी."

"मग सांगितलं का नाही?"

"काउंटरवर माणूस होता. बाईंना कसं सांगायचं..."

"एका माणसासमोर लाज वाटली तुम्हाला. तिच्यासमोर साठ पोरं होती."

मी बाईंना भेटायला घरी गेलो. दार यजमानांनीच उघडलं. बाई बाहेर आल्या नाहीत.

दिवाळीपर्यंत त्या रजेवर होत्या. पुढच्या जूनमध्ये त्यांची नेवासा तालुक्यात बदली झाली. अर्जात त्यांनी कारण गुडघेदुखी असं लिहिलं होतं.