खाडीकडे केलेला डावा खांदा

"डोळे राहू द्या, भाऊसाहेब. पाय कुठं बघतात ते सांगा."

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा मला माझ्या नावानंही कुणी हाक मारली नसेल. म्हणणारा माणूस माझ्या मागं उकिडवा बसलेला असे, एक डोळा मिटून, माझ्या दोन टाचांच्या रेघेत पलीकडे बघत. मग बांबूच्या कांबीनं माझ्या उजव्या घोट्यावर हलकी टिचकी. "ह्यो मॅनेजरसायबाकडं बघतोय. वळवा ह्याला."

उरणच्या बाजूला, खाडीकाठी आमची मीठकंपनी. स्वातंत्र्य मिळाल्यावर गोरे साहेब हळूहळू निघून गेले आणि जाताना सहा भोकांचं गोल्फचं मैदान मागं ठेवून गेले. मैदान म्हणजे गुरांनी कुरतडलेलं गवत, आणि भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडलेली रेती. नवे मॅनेजर आपलेच, पुण्याचे. पण खुर्चीबरोबर त्यांनी साहेबाचा खेळही अंगाला लावून घेतला. त्यांना जोडीदार हवा होता. मी भांडारातला कारकून. मुलाखतीत त्यांनी "खेळाची आवड?" असं विचारलं, तेव्हा मी छाती पुढं काढून "आहे" म्हणालो होतो. माझ्या मनात कॅरम होता.

पाय बघणारा तो माणूस मैदानावर आमच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचा. पूर्वी भावाबरोबर मचवा चालवायचा, तोही सुकाणूवर. म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणत. साठीच्या घरातला, काटक, मिठाच्या गोदामामागं एकटाच राहणारा. स्वतः कधी चेंडूला काठी लावली नाही, कारण पिशव्या वाहणाऱ्यानं खेळायचं नाही असा नियमच होता. पण आम्हाला उभं राहायला शिकवलं ते त्यानंच.

माझी चूक तुम्हीही केली असती. भोकात रोवलेला झेंडा समोर दिसला की माणूस छाती, पाय, खांदे सगळं झेंड्यावर रोखतो. या खेळात मात्र डावा खांदा तिकडं करून आडवं उभं राहायचं असतं. तांडेल दोन कांबी जमिनीवर मांडायचा. एक चेंडूपाशी, झेंड्याकडं रोखलेली. दुसरी माझ्या पायाच्या बोटांपाशी, तिला समांतर, म्हणजे झेंड्याच्या जरा डावीकडं जाणारी.

"दोन मचवे शेजारी शेजारी चालले असं समजा. एक चेंडूचा, एक तुमचा. तुमी आपला मचवा झेंड्यावर धरता, मग चेंडूचा मचवा जाईल कुठं?"

"कुठं?"

"चिखलात."

आणि तसंच झालं. एकदा मुंबईहून दुसऱ्या कंपनीचे पाहुणे आले. मॅनेजरसाहेब आणि मी एका बाजूला. पाचव्या भोकाला सामना बरोबरीत. तांडेलानं कांबी मांडून मला उभं केलं, कांबी उचलल्या, आणि तेवढ्यात मागून साहेब कुजबुजले, "अहो, तुम्ही फार डावीकडे बघताय!" साहेबांचा शब्द. मी पाय सरकवले आणि झेंड्यावर नेम धरून हाणला. चेंडू उजवीकडं गेला, खाडीच्या चिखलात. साहेबांनी तो आणायला मलाच पाठवलं. मी गुडघ्याएवढा रुतलो. पाहुणे काठावरून सल्ले देत होते. शेवटी तांडेलानं काठी पुढं करून मला ओढून काढलं.

"चेंडू तिथंच आनि तुमी पन तिथंच," तो म्हणाला. "आज पयल्यांदा दोघं एका रेघेत आलात."

माझा एक बूट अजून तिथं आहे.

संध्याकाळी साहेबलोक गेल्यावर तांडेल पाचव्या भोकाच्या मारायच्या जागी जायचा. पाय नीट मांडून, हातात नुसती कांब धरून, डावा खांदा खाडीकडं करून उभा राहायचा. मारायचा काहीच नाही. सूर्य बुडेपर्यंत उभा. मला वाटे, बिचाऱ्याला एकदा चेंडू मारायचा असेल. मी एक चेंडू चोरून आणला आणि म्हणालो, "तांडेल, मारा. कुणी बघत नाही."

त्यानं चेंडूकडं पाहिलंसुद्धा नाही. "न्हाय भाऊसाहेब. मी मारायला येत न्हाय."

मग मी त्याच्यासारखाच उकिडवा बसलो, एक डोळा मिटला आणि त्याच्या पायांच्या रेघेत पाहिलं. रेघ झेंड्याच्या डावीकडून, खाडीवरून थेट पलीकडच्या काठावर गेली. तिथं एक कौलारू घर, पुढं ओटी, ओटीवर पांढरा ठिपका.

"घर कुणाचं?"

"हाय एकाचं."

उरलेलं खाडीपार होडी नेणाऱ्या तरीवाल्यानं सांगितलं. घर तांडेलाचंच. ओटीवर बसतो तो धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी धुक्यात मचवा घेऊन येताना तांडेलाला देवळाचा कळस दिसला. कळस डाव्या हाताला ठेवून आत शिरायचं असतं, हे तिथलं पोरही जाणतं. दमलेल्या तांडेलानं मचवा सरळ कळसावरच धरला. मचवा खडकावर फुटला, भावाचा पाय मोडला तो कायमचा. भाऊ म्हणाला, "तुझं तोंड नको दावूस." तांडेल अलीकडं आला तो आलाच. तरीनं पाव तासाचं अंतर. पण आठ वर्षांत तो तरीत बसला नव्हता.

लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची माझी जुनी खोड. पुढच्या रविवारी मी पलीकडं गेलो. भाऊ ओटीवर जाळं विणत होता, एक पाय काठीसारखा पुढं पसरलेला. मी तांडेलाचं नाव काढलं.

"मचवा फुटला, पाय मोडला, तवा मी काय त्याला ओवाळनार व्हतो? बोललो रागात," तो म्हणाला. "पन राग किती वर्सं धरायचा मानसानं? मी रोज सांजचं हितं बसतो. तो तिथं येतो, मला दिसतो. आनि खांदा दावतो! तोंड म्हनून दावत न्हाय. मी तरी काय समजायचं?"

मला हसूच फुटलं. "अहो, खेळच तसा आहे तो! जिकडं मारायचं तिकडं तोंड करून उभंच राहत नाहीत!"

"ह्यो कसला खेल?" भाऊ म्हणाला.

परत येऊन मी तांडेलाला सांगितलं. तो काथ्यानं काठ्यांची टोकं घासत होता.

"काय म्हनला? खांदा?"

"हो. खांदा दाखवतो म्हणाला."

"मला बघतो तो?"

"रोज."

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा उभा राहिला. मी मागं होतो. मग त्याचा उजवा पाय हलला, डावा वळला. दोन्ही पावलं सरळ खाडीकडं, छाती सरळ, तोंड सरळ. तीन वर्षं ज्या उभं राहण्याबद्दल मला टिचक्या मारल्या, अगदी तसाच. पलीकडं पांढरा ठिपका ओटीचा खांब धरून हळूहळू उभा राहिला. कुणी हात हलवला नाही. हाक तर पोचलीच नसती.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी तो तरीत बसला. दोन्ही कांबी माझ्या हातात दिल्या. "आता तुमचं तुमी बघा."

मी आठवडाभर गावभर मिरवलो, दोन भाऊ जोडले म्हणून. सोमवारी पाचव्या भोकाला उभा राहिलो आणि लक्षात आलं, मागं कुणी उकिडवं बसलेलं नाही.

तो परत आला नाही. यायचं कारणच नव्हतं. मी पुष्कळदा ठरवलं, या रविवारी जायचं. कधी भरती नसे, कधी साहेबांचा खेळ, कधी नुसता आळस. संध्याकाळी खेळताना पलीकडच्या ओटीवर आता दोन पांढरे ठिपके दिसत. एकदा त्यातला एक उठला आणि हात लांब करून हवेला डावीकडं ढकलू लागला. आणखी डावीकडं. मी पाय सरकवला. हात खाली आला. मी मारलेला चेंडू झेंड्याच्या अगदी पायाशी जाऊन थांबला, माझ्या आयुष्यात एकदाच. साहेब "वा!" म्हणाले आणि मी त्यांच्या मागं चालू लागलो. वळून पाहायचं राहून गेलं. पंधरा दिवसांत माझी मुंबईच्या कचेरीत बदली झाली.

दोन वर्षांनी गेलो तेव्हा ओटीवर एकटा धाकटा होता. माझी बदली झाली त्याच हिवाळ्यात थोरला गेला म्हणाला. दुखणं दोन दिवसांचं.

"सांजचं बसला की तुमचीच आठवन काढायचा," तो म्हणाला. "म्हनायचा, भाऊसाहेबाचे पाय मुंबईत पन कुना सायबाकडंच बघत असतील. येतील म्हनायचा. तरीची होडी आली की उठून उभा ऱ्हायाचा."

पलीकडचं मैदान मोडलं होतं. त्या जागी नव्या मिठागराचे वाफे पडले होते. मी ओटीच्या कडेला उभा राहिलो, पाचव्या भोकाची जागा असावी तिकडं बघत. दोन्ही पावलं सरळ तिकडंच, छातीही तिकडंच. बराच वेळ तसा उभा होतो. उजव्या घोट्यावर टिचकी बसली नाही.