रावबहादुरांची बाजू

श्रीधर रासकर बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी हडपसरच्या साबडे उद्यानात फिरायला जात, पण कमानीवरच्या नावाकडे कधी बघत नसत. रावबहादूर त्र्यंबकराव साबड्यांनी बागेची जमीन गावाला दिली, दवाखाना बांधला, हे खरं. पण दुष्काळात त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी गोरगरिबांना नाकारलं आणि घागरी घेऊन आलेल्या बायकांवर वेत चालवले, असंही जुनी माणसं सांगत. त्या बायकांत रासकरांची आजी तुळजाबाई होती. तिचं डावं मनगट जन्मभर वाकडं राहिलं. भाकरी ती एका हाताने थापायची.

बागेचं नाव बदलावं म्हणून रासकरांनी कितीतरी वर्षं खटपट केली. वर्तमानपत्रांत लिहिलं, नगरसेवकांच्या दारात ताटकळले. लोक ऐकून घेत, चहा पाजत आणि विसरून जात. "तुमचंच नाव देऊन टाका म्हणावं, म्हणजे एकदाचं मिटेल," असं बायको द्वारका म्हणायची. यावर रासकर हसत नसत.

त्यांच्याच इमारतीत स्पृहा राहायची. आयटीत नोकरी करणारी, पंचविशीतली. एकदा बागेत फिरताना रासकरांनी तिला सगळी हकिगत सांगितली. तिचे डोळे भरून आले. यावर व्हिडिओ केला तर चालेल का, असं तिने विचारलं आणि त्यांनी आनंदाने होकार दिला.

बघता बघता तो व्हिडिओ हडपसरभर पसरला. ही गोष्ट श्रीधर रासकर आजोबांनी सांगितली, असं तिने सुरुवातीलाच म्हटलं होतं. रासकर तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावून बघत. नाव आलं न आलं तोच तो भाग संपायचा. पुढे सगळी ती. बागेत बायका तिला थांबवून कौतुक करू लागल्या, वाहिनीवाले येऊन गेले. एका गृहस्थांनी तर नाव बदलण्याचं निवेदन सहीसाठी रासकरांपुढेच धरलं. म्हणाले, त्या मुलीने विषय काढला म्हणून, नाहीतर आपल्याला कुठे माहीत होतं? रासकरांनी मुकाट्याने सही केली आणि न फिरताच घरी आले.

"आजी माझी, आणि रडते ही," ते द्वारकाबाईंना म्हणाले.

"मग तुम्ही रडायचं होतंत. कुणी अडवलं होतं?"

नामांतरावर शाळेच्या सभागृहात बैठक ठरली. स्पृहा घरी येऊन, आजोबा, तुम्ही मंचावर बसा, असा आग्रह करून गेली. शेवटी कोण बोलणार, असं त्यांनी विचारलं होतं. ती स्वतः बोलणार होती. रासकरांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि बैठकीत मागच्या रांगेत जाऊन बसले.

स्पृहा छानच बोलली. टाळ्या थांबेनात. रासकर ताडकन उठले, तशी तिने स्वतः मंचावरून उतरून त्यांच्या हातात माईक दिला.

"माझा जन्म रावबहादुरांच्या दवाखान्यातला," रासकर म्हणाले. "विहिरीची गोष्ट ऐकीव आहे. आजीचं मनगट कशाने मोडलं, ते मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

साबड्यांच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर त्या रासकरांना गोड लागल्या. घरचाच माणूस असं म्हणतो म्हटल्यावर विषय पुढे ढकलला गेला. साबड्यांच्या लोकांनी पुढच्याच आठवड्यात रासकरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

द्वारकाबाईंनी शाल घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आजी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना अंघोळ मी घालायचे. पाठीवर वेतांचे वण होते. तुम्ही पाहिले नसतील, मी पाहिलेत."

त्या तशाच चपला घालून स्पृहाकडे गेल्या.

पुढच्या बैठकीत द्वारकाबाई बोलल्या. थोडकंच, पण कुणालाही उलट विचारावंसं वाटलं नाही. काही महिन्यांनी बागेचं नाव 'पाणवठा उद्यान' झालं. समारंभात द्वारकाबाईंना स्पृहाशेजारी, मंचाच्या मधोमध बसवलं होतं. छायाचित्रं निघत होती. बायका द्वारकाबाईंच्या पाया पडत होत्या.

रासकर खाली खुर्चीत बसून होते. आता त्यांना स्पृहाचा राग येत नव्हता. बायकोने आज नेसलेली ती मोरपंखी साडी आपल्याबरोबर कुठे जाताना कधी नेसली होती, ते आठवण्याचा प्रयत्न ते करत होते. काही आठवेना, आणि टाळ्या काही केल्या थांबत नव्हत्या.