अण्णांची जीप आणि न वळणारं विमान

विमान सोलापूरच्या जवळ आलं तरी अण्णांना सांगायची गोष्ट माझ्या तोंडातून निघाली नव्हती. अण्णा म्हणजे माझे वडील. मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, की समोरचं दिसतंय पण बाजूचं दिसणं कायमचं गेलंय, यापुढे गाडी चालवायची नाही. डॉक्टर बोलत होते माझ्याकडे बघून. अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळत होते, आणि त्यांनी ऐकलं की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात जीपची चावी होती. जीप सोलापूरच्या विमानतळावर उभी होती, जाताना स्वतःच चालवत आणून लावलेली. उतरले की ते सरळ जाऊन स्टिअरिंगवर बसणार, आणि वाटेत कुणाचा तरी जीव घेणार किंवा स्वतःचा देणार, या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती. भावाने हे काम माझ्या गळ्यात मारलं होतं, कारण घरात माझाच आवाज मोठा. तो आवाज अण्णांपुढे कधी चालला नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं मंद्रूप ते सोलापूर वडाप चालवलं. वडाप म्हणजे जीपमध्ये बसतील त्याच्या दुप्पट माणसं बसवायची, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एकजण घ्यायचा. ड्रायव्हर मध्ये सरकून तिरका बसणार आणि तो एकजण दाराला चिकटून. सुट्टीच्या दिवशी ती जागा माझी असायची. दार दोरीने बांधलेलं. अण्णांचं कोपर प्रत्येक वळणाला माझ्या बरगड्यांत रुतायचं, आणि वाऱ्याने वेणीचा पार झाडू व्हायचा. बाजाराच्या दिवशी पायाशी कोंबड्या, मांडीवर कुणाचं तरी पोर, मागे मराठीत सुरू झालेलं भांडण कानडीत संपायचं. गाडी बंद पडली तर बाया आणि म्हातारी माणसं बसून राहायची, गडी उतरून ढकलायचे. कुणाला काही सांगावं लागत नसे. आज मी स्वतः बऱ्यापैकी गाडी चालवते, तिला थंड हवा आहे, मऊ सीट आहे. पण त्या अडचणीत बसून जो आनंद झाला तो पुन्हा झाला नाही. त्या कोपराची मला अजून आठवण येते.

विमान धावपट्टीवर टेकलं. थोडी धडधड झाली, वेग उतरला, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे अर्धी मंडळी पट्टे सोडून पिशव्या काढायला उभी राहिली. विमान वळून इमारतीकडे जायला हवं होतं. ते एका बाजूला किंचित ओढल्यासारखं झालं, दोन हिसके बसले आणि जागेवर थांबलं. खिडकीबाहेर गवत आणि लांबवर इमारत, एवढंच. मग पायलटचा आवाज आला. पुढचं चाक वळवता येत नाहीये, विमान आहे तिथेच सुरक्षित थांबवलं आहे, ओढून नेणारी गाडी येईपर्यंत बसून राहा.

"स्टिअरिंग गेलं म्हन की," मागून कुणीतरी म्हणालं.

झालं. अण्णा उठले. बाजूने जाणाऱ्या हवाई सुंदरीला हात करून म्हणाले, "बाई, बायामान्सं बसू द्या. गडी उतरतो आमी. ढकलू की."

त्यात थट्टा नव्हती. आणि अण्णा एकटे नव्हते, हे विशेष. पलीकडच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस बाह्या सारत उठला, मागचा एक टोपीवाला म्हणाला, "व्हय, किती लांब हाय असं." त्या मुलीला मराठी येत नसावं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी अण्णांना शर्ट धरून खाली बसवलं.

"विमान आहे हे, अण्णा. तुमची जीप नव्हे."

"मग बसून काय करायचं?"

"बसायचं. तेवढंच काम आहे आपल्याला."

ऊन चढत होतं. थोड्या वेळाने पायलट पुन्हा बोलला, उशिराचं कारण सांगून माफी मागितली. अण्णांना त्याचं हिंदी अर्धंच कळलं.

"काय म्हनला?"

"म्हणाला, विमान वळवणं माझ्या हातात राहिलेलं नाही, म्हणून मी थांबलो."

"समद्यांना सांगितलं त्यानं?"

"हो."

"माईकवरनं?"

"हो अण्णा, माईकवरून."

अण्णा समोरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला वाटलं, डोळा लागला. मग माझ्याकडे न बघता बोलले, "मागल्या म्हैन्यात होटगीच्या फाटकापाशी एक बाई मला दिसलीच न्हाय. उजव्या अंगाला हुती. डोक्यावर पाटी. आरसा लागला आन पाटी पडली."

"तिला लागलं?"

"न्हाय. मी उतरून समदं गोळा करून दिलं. तर ती मलाच इचारती, मामा, तुमाला काय झालं न्हाय न्हवं?"

"घरी बोलला नाहीत ते."

"बोललो आस्तो तर चावी गेली आस्ती." मग म्हणाले, "डाक्टर बोलला ते ऐकलंय मी. भैरा न्हाय झालो अजून."

मी मुंबईपासून मनात किती भाषणं रचली होती. रागाची, समजुतीची, नातवंडांची शपथ घातलेली. त्यातलं एकही कामाला आलं नाही. मला रडू आलं आणि मी रडले. अण्णांनी खिशातून चावी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली. "रडायला काय झालं," म्हणाले, "क्लच जड हाय तिचा, तेवढं बघ."

ओढणारी गाडी आली, पण आम्हाला शिडीने आधीच उतरवलं. बाहेर जीप धुळीने पांढरी झाली होती. अण्णा चालत चालत उजव्या दारापाशी गेले आणि दाराच्या कडीवर हात ठेवला. मी चावी मुठीत धरून नुसती उभी राहिले, आणि माझ्या स्वभावाला ते सोपं नव्हतं. त्यांनी कडीवरची धूळ तळव्याने पुसली आणि पुढून वळसा घालून डावीकडे जाऊन बसले.

मंद्रूपकडे जाणाऱ्या विजापूर रस्त्याला लागेपर्यंत ते समोर बघून बसले होते. समोर ट्रक दिसला की त्यांचा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. मी बघून न बघितल्यासारखं केलं. शहर मागे पडलं, दोन्हीकडे रान मोकळं झालं, तसा तो पाय सैल पडला. त्यांनी मान पूर्ण वळवली, आता तेवढी वळवल्याशिवाय त्यांना बाजूचं दिसत नव्हतं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"ती चिच कवापास्नं हाय गं तितं?"

रस्त्यापासून आत, एका बांधावर चिंचेचं जुनं झाड होतं. चांगलं डेरेदार.

"माझ्या लहानपणापासून आहे, अण्णा."

"मला कवा दिसली न्हाय."

इतकी वर्षं हा माणूस या रस्त्याने रोज येत-जात होता आणि त्याने रस्त्याखेरीज काही पाहिलंच नव्हतं. झाड मागे जायला लागलं तशी अण्णांची मानही मागे वळत गेली.

"जरा हळू घे की," ते म्हणाले. "बघू दे."